गोजराचं वजन

बायजाचा मचवा उलटल्याची बातमी मोरा बंदरात आली, तेव्हा तिचा नवरा धर्मा चुलीवर शिसं वितळवत होता. सत्तावन्न साल. शिमगा नुकताच झाला होता. मासळी विकून ती मुंबईहून परत येत होती.

पागाला, म्हणजे हातानं फेकायच्या जाळ्याला, शिशाच्या गोळ्या लागतात. त्या घरीच पाडायच्या, कालवणाच्या शेजारी, हे धर्माच्या बापापासूनचं. गोळी दोरीवर चढवली की बायजा ती दातांनी दाबून घट्ट करायची. पोरीला, गोजराला, दात येत होते तेव्हा तिच्याही हातात तिनं एक गोळी दिली होती. शिसं गोड लागतं. पोरगी चोखत गप्प बसायची.

बायजाचं प्रेत सापडलं नाही.

पावसाळा सरता सरता दोन वर्षांची गोजरा वाळायला लागली. पोट धरून रडायची. खाल्लेलं ओकायची. येत होते ते चार शब्दही विसरली. उरणच्या डॉक्टरांनी तिचा ओठ वर करून पाहिला. हिरडीवर निळी रेघ होती.

"घरात शिसं आहे?"

"हाय."

"आजच्या आज बाहेर काढा. चुलीतली राखसुद्धा. आणि हिला मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात न्या. उशीर केलात तर पोर हातची जाईल."

हे ऐकून धर्माची आई, धोंडूबाई, हसली. "दागतर काय कोल्याचा पोर हाय? तूबी याच चुलीपुढं रांगलास."

"आनि माझी भावंडं?"

"ती देवानं नेली," म्हातारी म्हणाली.

धर्मानं गोळ्या, कढई, साचे बंदरावरून पाण्यात टाकले. चूल फोडली. घरातली जमीन खणून नवी माती घातली, सारवली.

दोन दिवसांनी पाळण्याची दोरी तुटली. जुनी होती, असं तो म्हणाला. होडीची नवी दोरी बांधली. तीही तुटली. पोरीच्या बरगड्या दिसत होत्या, पण कडेवर घेतली की धर्माची कंबर भरून यायची.

तिच्या तोंडात काहीतरी होतं. त्यानं बोट घालून काढलं. शिशाची गोळी. ओली, खारट वासाची. तिच्यावर मोठ्या माणसाच्या दातांचे ठसे होते.

"कोनी दिली?"

कितीतरी दिवसांनी गोजरा बोलली. "आय."

धोंडूबाई तांदूळ पाखडत होती. तिचं सूप थांबलं नाही. "आय भरवते तं भरवू दे. पोर रडत तरी नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मा तिला घेऊन मुंबईच्या लाँचसाठी निघाला. अंगणातच त्याचे गुडघे टेकले. शेजारचा बाळाराम धावत आला.

"काय रं, पोर हाय का नांगर?" तो हसला. मग त्यानं तिच्या काखेत हात घातले, आणि त्याचं हसू गेलं.

दोघांनी मिळून तिला कसंबसं घरात आणून ठेवलं. सारवलेली जमीन तिच्याखाली चिरली.

गोजरा चघळत होती.

बंदरावर भोंगा वाजला. लाँच गेली.

बाळाराम पुन्हा आला नाही.

आता जमीन तिच्याखाली परातीसारखी खोल गेली आहे. तिच्या ओठांच्या कडेनं समुद्राचं पाणी ओघळतं. धोंडूबाई ते पदरानं पुसते आणि म्हणते, "गुनाची हाय माझी बाय."

गोजराला दवाखान्यात न्यायचं अजून राहिलं आहे.