गुंतवळीची सीट

हात धुऊन बसा रे. खाताना ऐकायची ही गोष्ट नव्हे. नंतर ओकाऱ्या काढाल आणि तुमच्या आया मला बोलतील. आमच्या सिद्धारामवर गुदरलेली आहे, त्यानं स्वतः मला सांगितली.

दोन हजार तेवीस साल, बारा डिसेंबर, मंगळवार. अमावास्या होती का, असं विचारू नका. होती. रात्री सव्वादहाला सिद्धाराम पिशवीभर कोळसे घेऊन वळसंगच्या रस्त्याला निघाला. कोळसा वास ओढून घेतो, म्हणून. त्या रस्त्याला शिवकुमारचं वर्कशॉप आहे. तिथं फक्त इंग्लंडच्या जुन्या गाड्या नव्यासारख्या करतात. लांब नाकाच्या, दोन दारांच्या, एका दमात शेकडो मैल पळायला बांधलेल्या. पत्रा आणि इंजिन बघणारे वेगळे. आतल्या कातडी सीटा मात्र बावीस वर्षं सिद्धारामच्याच हातच्या.

त्याआधी एक गाडी सीटला वास येतो म्हणून परत आली होती. तेव्हा शिवकुमारनं त्याला तोंडावर सांगितलं होतं, "मामा, आता अजून एक सीट परत आली, तर मी पुण्याचा माणूस बोलावणार. तुमी घरी बसा." आता तयार झालेली गाडी मालकाचे लोक सकाळी सहाला न्यायला येणार होते, आणि संध्याकाळपासून तिच्यात वास सुटला होता. कशाचा, ते सिद्धारामला चांगलं ठाऊक होतं.

त्या वर्कशॉपचा नियम असा की गाडीतलं मूळचं काही टाकायचं नाही. जुन्या सीटांत घोड्याचे केस भरलेले असतात. ते उपसायचे, रिठ्याच्या पाण्यात धुवायचे, खाटेवर वाळवायचे आणि पुन्हा भरायचे. ही गाडी उजनीच्या काठाला एका शेडमध्ये पंचवीस वर्षं पडून होती. अर्धे केस उंदरांनी नेलेले. पण ड्रायव्हरच्या सीटच्या फाटक्या पोटात दुसरंच काही कोंबलेलं निघालं. गुंतवळ. कुण्या बाईनं विंचरताना निघालेले केस बोटाला गुंडाळून वर्षानुवर्षं तिथं खुपसले होते. काळे, मग करडे, मग पांढरे. खवट खोबरेलात थबथबलेले, लिखांनी भरलेले. शी.

धुवायला ती घरी आणली, तेव्हा त्याची बायको काशम्मा अंगणातूनच म्हणाली, "दुसऱ्या बाईची गुंतवळ हातात घिऊ न्हाय. आमी टाकतानासुदिक थुंकून टाकतो. जाळा ते."

"घोड्याचे केस आता आणू कुटनं? केस ते केसच की."

धुतले, भरले, वरून नवं कातडं शिवलं. शिवकुमारला चकार शब्द सांगितला नाही. असल्या अकलेला काय म्हणायचं, तुम्हीच सांगा.

तर त्या रात्री त्यानं कुलूप काढलं, दिवा लावला आणि गाडीचं दार उघडलं.

वास अंगावरच आला. महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाची उशी असते ना, तसा. नाक धरून त्यानं कोळसे सीटखाली पसरले. तेव्हा शिलाईतून वर आलेला एक केस दिसला. पांढरा. त्यानं चिमटीत धरून ओढला. तो येतच राहिला. वीतभर... हातभर... बुळबुळीत. बोटांत लिखा चुरडल्या.

शेजारच्या भोकातून दुसरा वर आला. मग तिसरा. मग सुईच्या प्रत्येक भोकातून.

सीट उसवावी, तर सहापर्यंत पुन्हा शिवून होणार नाही. बावीस वर्षं पाण्यात जातील. त्यानं कातडं कापायचा वस्तरा उचलला आणि सीट भादरायला बसला. उजवा तळवा कातड्यावर दाबला, वस्तरा डाव्या हातात. डावरा आहे तो.

कातडं कोमट होतं.

त्यानं एक केस ओढला. आणि कातडं... उचललं गेलं. आपला केस कुणी ओढला की टाळू उचलली जाते... तसं.

तो थांबला.

तळव्याखाली ओल आली. घामाची.

तो ओरडला नाही. ओरडायला तोंड उघडावं लागतं. तो वास तोंडात गेला असता.

भादरत राहिला. आंबट ढेकर गिळत. एक वाजला... तीन वाजले...

चारला केस यायचे थांबले. वासही गेला. कोळशानं ओढला, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

सहाला गाडी गेली. आठ दिवसांनी मालकाचा फोन आला, सीटवर लई खूश. शिवकुमारनं मामांच्या पाठीवर थाप मारली. बावीस वर्षं वाचली.

संक्रांतीला संध्याकाळी मी त्याच्याकडं तिळगूळ द्यायला गेलो. पठ्ठ्या हात पुढं करेना. काशम्मानं मधेच वाटी धरली, "भावजी, हितं ठिवा."

"वाटीत काय? तिळगूळ हातावर घेत्यात," म्हणत मी बळंच त्याचा उजवा हात ओढला. तळवा माझ्या बोटांना खरखरला. दिव्याकडं उलटा केला. तळहातावर, बरोबर मधोमध... पांढरे खुंट. दाट.

मी हात सोडला. सिद्धारामनं मूठ मिटली...

काशम्मा खाली बघत म्हणाली, "सकाळीच भादरलाय की."