मनगटातले दोन फाटे

माझं काम मनगटांचं. सोनोग्राफीचा प्रोब मनगटावर आडवा धरला की पडद्यावर तळहाताकडे जाणारी मुख्य नर्व्ह दिसते. मधाच्या पोळ्याचा चपटा तुकडा कापून ठेवल्यासारखी. बहुतेकांची ती एकसंधच असते. काहींची मात्र मनगटातच दुभंगते आणि दोन फाट्यांमधून एक बारीक धमनी धडधडत जाते. सर्जनला हे आधी ठाऊक नसेल तर सुरी भलतीकडे लागायची. म्हणून आम्ही असे फरक शोधून ठेवत होतो.

अभ्यासाला मनगटं लागतात आणि घरच्या माणसाला नाही म्हणायची सोय नसते. पहिला बकरा माझा नवरा. तो पुलांची तपासणी करणारा इंजिनिअर. "मी पुलांचे तडे बघतो, तू माझे बघ," म्हणत त्याने हात पुढे केला आणि जेल लागताच "गार आहे गं" म्हणून मागे ओढला. उजव्या मनगटात दोन फाटे निघाले, मधोमध धमनी. इतकं नेटकं उदाहरण मला पुन्हा मिळालं नाही.

"मी डबल आहे," असं तो येईल-जाईल त्याला सांगत सुटला.

"मग घरातलं काम एकदा तरी डबल कर," सासूबाई म्हणाल्या.

त्यानंतर तो डोंगरातल्या एका जुन्या पुलाच्या कामावर गेला. तिथे फोन लागत नव्हता. ठरल्यापेक्षा जरा उशिराच परतला, बूट चिखलाने भरलेले, आणि दारातच लेकीला उचलून घेतलं. घर पुन्हा भरल्यासारखं झालं. त्याचं घोरणं थांबलं होतं, चहात साखर किती हे तो विसरत नव्हता, माझं बोलणं मध्येच तोडत नव्हता.

"बाबा आता सुरात गातो," लेक म्हणाली. आम्ही दोघी हसलो. आमच्या घरात सुरात गाणारं कुणी नव्हतं.

विभागात नवीन मशीन आलं. ते पारखायला ओळखीचं मनगट हवं म्हणून मी त्याला दुपारी बोलावलं. यावेळी गार जेल लागलं तरी त्याचा हात हलला नाही.

नर्व्ह एकच होती.

मी डावा हात पाहिला. तिथेही एकच. उजव्या कोपरापासून तळहातापर्यंत प्रोब सावकाश फिरवत आणला. ना फाटा, ना धमनी.

"चेहरा का उतरला गं?"

"इथे दोन होत्या."

"चुकली असशील," तो मायेने म्हणाला.

माझे वरिष्ठही तेच म्हणाले, चित्रांची अदलाबदल झाली असेल. पण ते चित्र मी माझ्या हाताने घेतलं होतं. दुभंगलेली नर्व्ह पुन्हा जुळून येत नाही. आणि घरी सांगणार तरी काय? नवरा पूर्वीपेक्षा चांगला झालाय, ही तक्रार कोण ऐकून घेणार?

पण तो शेजारी बसला की माझा हात आपोआप त्याच्या मनगटावर जायचा. त्याच्या ते लक्षात आलं.

"अजून तेच डोक्यात आहे ना? दाखव बरं मला ते चित्र."

दुसऱ्या दिवशी लेकीची शाळा सुटायच्या आधी आम्ही विभागात गेलो. मी जुनं चित्र उघडलं. तो बराच वेळ पाहत राहिला. मग पडद्यावर बोट ठेवून त्याने दोन्ही फाटे आणि धमनीचं वळण हळूहळू गिरवलं.

"हे आधी कळलं असतं तर," तो पुटपुटला.

"तर काय?"

"काही नाही. चल, पोरगी वाट बघत असेल."

पुढचे काही दिवस तो उजवा हात जपून वापरत होता. कप डाव्या हाताने उचलायचा. दुखतंय का विचारलं, तर म्हणाला, "जरासं. होईल."

मग एका दुपारी तो न बोलावता आला. बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. काढलेलं चित्र मला दाखवताना लेकीचा चेहरा होतो, तसा त्याचा झाला होता.

"बघ आता."

मी प्रोब ठेवला. दोन फाटे. मधोमध धमनी, तेच वळण. माझे डोळे भरून आले. माझ्यासाठी कुणी इतकं केलं नव्हतं.

मोजमाप घ्यायला मी हात पुढे केला. नर्व्हच्या दोन कडांवर आम्ही दोन बारीक फुल्या ठेवतो. त्या मशीनच्या, फक्त पडद्यावरच्या. जुन्या चित्रात मीच ठेवल्या होत्या.

अजून मी एकही बटण दाबलं नव्हतं.

दोन पांढऱ्या फुल्या तिथे होत्या.

"बोटं हलव," मी म्हणाले.

त्याने हलवली. स्नायूंच्या दोऱ्या सरकल्या, नर्व्ह सरकली. फुल्याही तिच्याबरोबर सरकल्या आणि जागेवर आल्या.

"बरोबर जमलंय ना?" त्याने काळजीने विचारलं.

"अगदी," मी म्हणाले आणि त्याच्या मनगटावरचं जेल पुसू लागले. कापडाखाली, कातडीच्या आत, दोन ठिकाणी काहीतरी बारीक माझ्या बोटांना टोचलं.