भाऊजींची तहान

ताईचा निरोप आला तेव्हा वाटलं, नळाचंच काम असेल. "पाण्याला वास येतोय म्हणतात हे. येऊन बघून जा," एवढंच ती म्हणाली. मी प्लंबर. हत्यारांची पिशवी उचलली आणि निघालो.

भाऊजी गावाच्या सांडपाणी केंद्राचे प्रमुख. घर केंद्राच्या आवारातच, नदीकडे पाठ करून उभं. मी टाकी उपसली, पाइप उघडून पाहिले, नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायलो. स्वच्छ, गार. भाऊजींनी मात्र त्याच नळाचा पहिला घोट थुंकून टाकला.

"गटार आहे हे... तुम्हाला कुणाला कसं कळत नाही?"

त्यांचे ओठ तडकले होते, डोळे खोल गेले होते. बाटलीतलं पाणी, दूध, फळांचा रस, सगळ्याला त्यांना तोच वास येई.

"कधीपासून?" मी ताईला हळूच विचारलं.

"नावाडीण गेली तेव्हापासून," भांडी पुसता पुसता ती म्हणाली.

शुद्धीकरणाच्या मोटारी अधूनमधून बंद ठेवून भाऊजी मैला तसाच नदीत सोडत, हे गावाला ठाऊक होतं. ते पाणी पिऊन नावाडणीची लेक गेली. मग एके दिवशी ती तांब्याभर नदीचं पाणी घेऊन त्यांच्या कचेरीत आली. "साहेब, एक घोट घ्या. एकच." भाऊजी हसले आणि तांब्या खिडकीबाहेर रिकामा केला. दुसऱ्या दिवशी मैल्याच्या पाइपाचं तोंड बुजवायला ती एकटीच दगड घेऊन उतरली. वरून लोंढा आला.

दिवेलागणीला वीज गेली. भाऊजी मला खेटून बसले.

"ती खाली आहे हे मला दिसत होतं," ते पुटपुटले. "तरी मी झडप उघडायला लावली. म्हटलं, अद्दल घडेल..."

केंद्रातली घरघर थांबली होती. नुसती नदी ऐकू येत होती. मग मागच्या अंगणात ओली पावलं वाजली. चप... चप... कुजका, गोडसर वास आत शिरला. कडी निघाली. अंधारात कुणीतरी अगदी मऊ आवाजात म्हणालं, "साहेब... एक घोट."

भाऊजी उठले आणि त्या आवाजामागोमाग निघाले. मी हात धरला, तो वाळक्या पानासारखा निसटला.

बॅटरी घेऊन धावलो. पाइपाच्या तोंडाशी ते गुडघे टेकून ओंजळीमागून ओंजळ काळं पाणी पीत होते. चेहरा तृप्त.

"गोड आहे रे," ते म्हणाले.

मी कमरेला विळखा घालून ओढलं. हलेनात. उजेड मानेवर पडला. तिथे पाच बोटं रुतली होती. मांस दबलेलं दिसत होतं... हात दिसत नव्हता.

डॉक्टर गोंधळले होते. म्हणाले, "तहानेने गेलेत. पोटात पाण्याचा थेंब नाही."

परत निघताना मी ताईला म्हटलं, "मागची कडी बदलून देतो. त्या दिवशी आपोआप निघाली."

"आपोआप नाही," ताई शांतपणे म्हणाली. "मी काढली. तिची पोर माझ्याच ओट्यावर खेळायची. राहू दे दार उघडं. आता दोघी येतात."

मी ओट्याकडे पाहिलं. भर उन्हात फरशीवर चिमुकली ओली पावलं उमटली होती. सगळी आत येणारी.