भिंतीवरच्या काचपट्ट्या

"इथेच! पडदा इथेच लावायचा!" रेडिओने भिंतीसमोर दोन्ही हात पसरून जाहीर केलं. "प्रेक्षक समोर, मी मधोमध, आणि तुम्ही दोघं..."

"आम्ही दोघं काय? दोऱ्या ओढायला?" पेन्सिलने कमरेवर हात ठेवले.

"कुणीतरी ओढायला हव्यातच ना!"

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते. शनिवारी वसाहतीचं संमेलन होतं आणि मुलांचं नाटक त्यात ठरलं होतं. रेडिओ पेन्सिलच्या शेजारच्या घरातला. झोपेतसुद्धा बडबडतो म्हणून हे नाव. पेन्सिल उंच, काटकुळी, कानामागे कायम एक पेन्सिल खोचलेली. तिचा सात वर्षांचा भाऊ सदानकदा तिच्या मागे, म्हणून तो शेपूट.

वसाहत टेकडीच्या पायथ्याशी होती. वरची माती खाली येऊ नये म्हणून मागच्या बाजूला दोन मजले उंच दगडी भिंत बांधलेली होती. भिंतीसमोर, मध्ये जेमतेम एक बोळ सोडून, बालवाडीची पत्र्याची खोली. शनिवारी 'सुंदर वसाहत' स्पर्धेचे परीक्षकही येणार होते, म्हणून सेक्रेटरी काकांनी नुकताच भिंतीला फिकट निळा रंग दिला होता. दुरून भिंत कशी नव्यासारखी दिसायची!

"शेपट्या, हातोडी दे," पेन्सिल म्हणाली.

"हातोडी कशाला? हे बघ!" शेपटाने दोन दगडांच्या मधल्या सांध्यावर खिळा टेकवला आणि नुसता अंगठ्याने दाबला. ओल्या मातीत जावा तसा खिळा सरळ आत गेला!

पेन्सिलने खिळा उपसला. त्या भोकातून पाण्याची एक बारीक धार निघाली आणि निळ्या रंगावर तपकिरी ओघळ उमटला.

"पाऊस नाही, काही नाही," रेडिओ हळूच म्हणाला. "हे पाणी कुठलं?"

पेन्सिलने भिंतीला कान लावला. दगड गार होते. आतून, अगदी खोलवरून, कुणीतरी नखाने टकटक करावं तसा आवाज आला. मग थांबला. मग पुन्हा आला.

"ताई, चल ना इथून," शेपूट तिचा फ्रॉक ओढू लागला.

पण पेन्सिल ओघळाच्या बाजूने पुढे सरकत होती. बालवाडीच्या मागे, जिथे सहसा कुणी फिरकत नसे, तिथे ती थबकली. भिंतीला खालून वर एक वाकडीतिकडी भेग गेली होती. आणि त्या भेगेवर, एकीवर एक शिडीच्या पायऱ्यांसारख्या, चार काचेच्या पट्ट्या चिकटवलेल्या होत्या! बोटाएवढ्या, पातळ. प्रत्येकीच्या कडेला बारीक अक्षरात तारीख लिहिलेली.

"या तर प्रयोगशाळेतल्या काचपट्ट्या! सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या!" पेन्सिल म्हणाली.

खालच्या तीन पट्ट्या मधोमध तडकल्या होत्या. चौथी तेवढी शाबूत होती. तिच्यावर कालची तारीख होती.

"कुणी लावल्या असतील?" रेडिओ म्हणाला. "चोर? हेर?"

"हेर भिंतीला काचा कशाला लावेल, येड्या! हे अक्षर मी पाहिलंय कुठेतरी." पेन्सिलने कपाळाला आठ्या घातल्या. "फाटकाजवळच्या फळ्यावर! 'एक रहिवासी'चं अक्षर!"

हा 'एक रहिवासी' म्हणजे वसाहतीतली रोजची करमणूक होती. दर सोमवारी फळ्यावर त्याचा एक कागद लागलेला असे. कधी कर्कश हॉर्नबद्दल, कधी जिन्यात ठेवलेल्या चपलांबद्दल, कधी कचऱ्याच्या डब्याच्या हरवलेल्या झाकणाबद्दल. लोक वाचत, हसत आणि आपापल्या कामाला लागत. लिहितं कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

"पण गेले तीन सोमवार कागद दिसलाच नाही," रेडिओ म्हणाला.

"दिसला होता!" शेपूट म्हणाला. "मी पाहिलाय. सकाळी दूध आणायला गेलो तेव्हा होता. येताना सेक्रेटरी काका तो फाडत होते. माझ्याकडे बघून हसले आणि खिशात घातला."

पेन्सिल आणि रेडिओने एकमेकांकडे पाहिलं. हे काही गमतीचं प्रकरण दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तिघंही जुन्या पिंपांमागे दबा धरून बसले. दुपारी चारच्या सुमाराला पावलं वाजली. खांद्याला पिशवी, हातात डिंकाची नळी, चष्मा नाकावर घसरलेला... लॅबमावशी!

लॅबमावशी तळमजल्यावर एकट्या राहायच्या. तीस वर्षं एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होत्या, म्हणून त्यांना सगळे लॅबमावशी म्हणत. फारशा कुणाशी बोलत नसत. भिंतीपाशी येताच त्या मटकन खाली बसल्या. चौथी पट्टीही तडकली होती!

"मावशी, 'एक रहिवासी' तुम्हीच ना?" पेन्सिल एकदम पुढे आली.

मावशी दचकल्या. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "हो गं, मीच. आणि हे जे झालंय ना, तेही माझ्यामुळेच."

"म्हणजे?"

"या भिंतीला खाली ओळीने भोकं होती. टेकडीतलं पाणी त्यातून बाहेर यायचं. वर कुठेतरी पाण्याची मोठी नळी गळतेय, त्याचंही पाणी त्यातूनच निघायचं. इथे सारखा चिखल, डास! मी फळ्यावर लिहिलं, 'या घाण पाण्याचा बंदोबस्त करा.' आयुष्यात माझं एकच पत्र सेक्रेटरींनी मनावर घेतलं! भोकांमध्ये सिमेंट भरलं, वरून रंग दिला. मलाही छान वाटलं. आणि पंधरा दिवसांनी ही भेग दिसली." मावशींनी भेगेवरून बोट फिरवलं. "पाण्याला वाटच उरली नाही, बाळांनो. ते भिंतीच्या मागे साठतंय. काचपट्टी ताणली जात नाही, लगेच तुटते. ती तुटली, म्हणजे भेग वाढली."

पेन्सिलने कानामागची पेन्सिल काढली आणि तारखा उतरवून घेतल्या. पहिली पट्टी तुटायला बारा दिवस लागले होते. दुसरीला पाच. तिसरीला तीन. चौथीला जेमतेम दोन!

पाठीमागे, पत्र्याच्या खोलीत, बालवाडीतली पोरं मोठमोठ्याने गाणं म्हणत होती.

"काकांना सांगायलाच हवं! आत्ताच्या आत्ता!"

सेक्रेटरी काका ऑफिसात पताका मोजत होते. त्यांनी पेन्सिलचा कागद हातात घेतला, उलटा धरला, परत दिला.

"आधी भोकं बुजवा म्हणून पत्र, आता उघडा म्हणून पत्र! तुमच्या मावशींना दुसरा उद्योग नाही. अगं, ती भिंत माझ्या जन्माआधीपासून उभी आहे!"

"पण काका, पट्ट्या तुटताहेत!"

"काच आहे, तुटणारच. आणि हे बघा, शनिवारपर्यंत कुणाजवळ याबद्दल चकार शब्द काढायचा नाही! परीक्षकांसमोर शोभा करायची आहे का आपली?"

संध्याकाळी पाहिलं तर भिंतीवर एकही काचपट्टी नव्हती. भेगेवर पांढरा लेप फासून त्यावर निळा रंग मारला होता. रंग अजून ओला होता.

मावशींनी नगरपालिकेत खेटे घातले. मुलांनी आपापल्या घरी सांगून पाहिलं. रेडिओच्या बाबांनी टीव्हीवरची नजरसुद्धा काढली नाही. पेन्सिलच्या आईची दवाखान्यात जादा पाळी होती. ती म्हणाली, "नगरपालिकेचे साहेब येऊन बघतील गं," आणि पळाली. नगरपालिकेचे इंजिनिअर सोमवारी येणार होते.

"सोमवारी!" रेडिओ म्हणाला. "आणि संमेलन शनिवारी!" त्या दिवशी तो पुढे काहीच बोलला नाही. पेन्सिलला त्याचीच जास्त भीती वाटली.

शुक्रवारी बालवाडीचं दार बसेना. बाईंनी खांदा लावून ढकललं तेव्हा कुठे ते लागलं. "चौकट फुगली असेल," त्या म्हणाल्या. पेन्सिलने चौकटीकडे पाहिलं. ती फुगली नव्हती. ती कलली होती.

"ऐका," ती दोघांना म्हणाली. "मोठी माणसं आपलं ऐकत नाहीत. मग ती कुणाचं ऐकतात?"

"परीक्षकांचं!" शेपूट पटकन बोलून गेला.

पेन्सिल त्याच्याकडे बघतच राहिली. "शेपट्या, तू शेपूट नाहीस रे. तू डोकं आहेस!"

शनिवारी सकाळी आठला मावशींनी बालवाडीच्या मागे भेगेवर नवी काचपट्टी चिकटवली आणि जरा दूर स्टूल टाकून बसल्या. पट्टी तुटलीच तर लाल रुमाल हलवायचा, असं ठरलं होतं. अंगणात खुर्च्या मांडल्या जात होत्या. बालवाडीच्या खोलीत वीस चिमुरडी पोरं स्वागतगीताचा सराव करत होती. परीक्षक अकराला येणार होते. सेक्रेटरी काका दर पाच मिनिटांनी खिशातला कंगवा काढून केस सारखे करत होते.

पावणेनऊ वाजले असतील. पेन्सिलची नजर मावशींवर खिळलेली होती. मावशी एकाएकी उठल्या. लाल रुमाल हलला! एकदा नाही, वेड्यासारखा, पुन्हा पुन्हा!

"रेडिओ, पळ!"

रेडिओ एका उडीत व्यासपीठावर चढला, माईक ओढला आणि भसाड्या, मोठ्या माणसाच्या आवाजात सुरू झाला, "लक्ष द्या, लक्ष द्या! परीक्षक फाटकाशी आलेले आहेत! सर्वांनी ताबडतोब फाटकापाशी यावे! बालवाडीच्या मुलांनी सर्वांत आधी! सेक्रेटरी साहेबांनी धावत यावे, परीक्षक घड्याळ बघत आहेत!"

काय ती धांदल उडाली! काका हार घेऊन सुसाट सुटले. खुर्च्या मांडणारे, रांगोळी काढणारे, स्वयंपाकघरातून हात पुसत आलेले, सगळे फाटकाकडे धावले. बालवाडीच्या बाईंनी पोरांना एकमेकांचे हात धरायला लावले आणि आगगाडी बाहेर काढली. पेन्सिल दाराशी उभी राहून मोजत होती. सोळा, सतरा, अठरा, एकोणीस...

एकोणीस!

"बाई, एक कमी आहे!" पण बाई लाउडस्पीकरच्या गोंगाटात पुढे गेल्या होत्या.

"शेपट्या, तू फाटकाशी जा! मागे वळायचं नाही!" असं म्हणून ती आत शिरली.

खोलीत कुणीच दिसेना. जमिनीवर पाणी पसरलं होतं आणि ते तपकिरी होतं. पत्रे कुरकुरत होते. भिंतीतली ती टकटक आता टकटक राहिली नव्हती. जड लाकूड मोडताना करकरतं तसा तो आवाज होता.

"कोण आहे आत?"

टेबलाखालून एक लहानसा आवाज आला, "माझा एक बूट सापडत नाहीये."

पेन्सिल गुडघ्यांवर बसली. दोन वेण्यांची एक चिमुकली हातात एकच बूट धरून बसली होती. "आपण नंतर शोधू हं," असं म्हणत पेन्सिलने तिला बखोटीला धरून ओढलं, कडेवर घेतलं आणि वळली. आणि दार लागलेलं! वाऱ्याने नव्हे, चौकट आणखी कलली होती. तिने खांद्याने धक्का दिला. दार हलेना.

"मावशीऽऽ!"

बाहेरून कुणीतरी दार ओढू लागलं. "एक, दोन, तीन म्हटलं की ढकल!" लॅबमावशींचा आवाज होता. "एक! दोन! तीन!" दार कर्रकन हातभर उघडलं. पेन्सिलने आधी चिमुकलीला बाहेर सरकवलं, मग स्वतःला कसंबसं पिळून काढलं. मावशींनी चिमुकलीला काखोटीला मारलं, पेन्सिलचं मनगट पकडलं आणि त्या वयाच्या बाईला जेवढं पळता येईल त्याच्या दुप्पट वेगाने त्या पळाल्या.

त्या खुर्च्यांच्या ओळीपाशी पोचल्या आणि मागे भिंतीचं पोट पुढे आलं. सावकाश. निळा रंग पापुद्र्यासारखा सोलून निघाला, एक दगड सुटला, आणि मग सगळंच एकदम! दगड, माती, चिखल, पाणी! पत्र्याची खोली काड्यापेटीसारखी चेपली. जमीन हादरली. रेडिओने नुकतंच सोडलेलं व्यासपीठ अर्धं गाडलं गेलं.

धूळ हळूहळू खाली बसली. मग एकदम रडारड, हाकाहाकी सुरू झाली. चिमुकलीच्या बाबांनी तिला उराशी धरलं. बाई पोरं पुन्हा पुन्हा मोजत होत्या.

"परीक्षक कुठे आहेत?" सेक्रेटरी काका हार धरून नुसते बघत होते.

"आलेच नाहीत, काका," रेडिओ म्हणाला. "ते मीच होतो."

काका भिंतीच्या ढिगाऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हार खाली ठेवला.

नगरपालिकेचे इंजिनिअर सोमवारची वाट न बघता तासाभरात आले. वरच्या नळीचं पाणी बंद झालं, मागची घरं रिकामी करायला सांगितलं. पेन्सिलचा कागद त्यांनी दोनदा वाचला. "बारा, पाच, तीन, दोन... हे तू मांडलंस? माझ्या ऑफिसात येऊन चार जणांना शिकव! तुम्ही तिघांनी आज वीस घरांचे दिवे विझू दिले नाहीत."

टाळ्या वाजू लागल्या. कुणीतरी लॅबमावशींचंही नाव घेतलं. मावशींनी हात वर केला.

"माझं कौतुक नको. चिखल नको म्हणून लिहिणारी मीच होते. पाणी कुठून येतं, ते मी विचारलंच नाही."

"तुम्ही फक्त लिहिलंत," सेक्रेटरी काका सगळ्यांसमोर म्हणाले. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता. "बुजवलं मी. कागद फाडले मी. मुलांना गप्प बसवलं, तेही मीच. माझी नातही त्या रांगेत होती." कागद फाडताना ज्याच्याकडे बघून ते हसले होते, त्या शेपटापुढे ते वाकले आणि त्याच्या केसांतून हात फिरवत राहिले. शेपूट बिचारा अवघडून उभा होता.

इतक्यात गर्दीतून वाट काढत पेन्सिलची आई आली. दवाखान्यातूनच धावत आली होती. अंगावर कामाचा पांढरा कोट तसाच होता. तिने आधी शेपटाला चाचपून पाहिलं, मग पेन्सिलला. डोकं, खांदे, खरचटलेलं कोपर.

"तू मला सांगत होतीस," ती म्हणाली. "सांगत होतीस, आणि मी ऐकलं नाही गं. माझी शहाणी पोर!"

सकाळपासून पेन्सिलच्या डोळ्यांत पाण्याचा टिपूससुद्धा आला नव्हता. आता तिने आईच्या कोटात तोंड खुपसलं आणि ती सगळ्या वसाहतीसमोर, हुंदके देत, मनसोक्त रडली.