डोंगरीला मागणी

सोमारीच्या मोहाच्या झाडाखाली एक बाई बसली होती. कोवळं ऊन, खाली पिवळसर फुलांचा सडा, आणि त्या सड्यात हिरव्या साडीतली ती पाठमोरी बाई खुशाल फुलं चघळत होती. कोहकाटोल्याच्या वस्तीत प्रत्येक घराचं झाड ठरलेलं. दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही.

"ओ बाई, हे झाड आमचं हाये!"

बाई वळली. तिला दाढीचे खुंट होते.

सोमारीची टोपली हातातून सुटली.

"भेऊ नको जी," ती दाढी घाईनं म्हणाली. "मी प्रफुल्ल. ब्रह्मपुरीकडचा, दंडारवाला. खेळात बाईचं काम हाये, म्हणून साडीत चालाची सवय करून राह्यलो."

"चालाची? तू तं बसून खाऊन राह्यला."

"पाय अडकून पडलो. मंग म्हटलं, पडलोच हावो तं..."

"निऱ्या उलट्या खोचल्या, म्हणून पडला," सोमारी म्हणाली आणि हसू दिसू नये म्हणून फुलं वेचायला वाकली.

दंडारीचा नाचगाण्याचा खेळ गावात आणला होता म्हाताऱ्या वारलूनं. तो टोल्याचा गायता, पूजापाठ आणि पंचायत पाहणारा. टोल्यामागची डोंगरी एका खाण कंपनीला हवी होती आणि रविवारी ग्रामसभेत ठराव व्हायचा होता. मागच्या सभेत नोकरीच्या आशेनं अर्धे पुरुष कंपनीकडून बोलले. बाया नेहमीप्रमाणे मागे बसल्या, गप्प. वारलू म्हणाला होता, "भाषण ऐकून लोक झोपतात. दंडार पाहून जागे राह्यतात."

सोमारीही त्या सभेत गप्पच होती. तिच्या वारलेल्या आईच्या नावानं रोवलेला उभा दगड डोंगरीच्या उतारावर होता. डोंगरी गेली की तोही जाणार. हे तिला बोलायचं होतं. तोंड उघडलं नव्हतं.

दुपारी गोटुलासमोर, गावच्या सामाईक घराच्या अंगणात, तालीम झाली. कंपनी नवरदेव होऊन डोंगरीला मागणी घालते, डोंगरीचा बाप लांबलचक भाषण करून नकार देतो, असा खेळ. डोंगरी प्रफुल्ल, बाप दंडारीचे मालक गुणवंतराव. पोरांनी टाळ्या पिटल्या. सोमारीनं नाही.

"काऊन व? नाई आवडलं?" प्रफुल्लनं पदर सावरत विचारलं.

"बापच बोलते सारं. डोंगरी नुसती बसून राह्यते. आमच्यात मागणी आली का पोरीसमोर पानाच्या दोन्यात पाणी ठेवतात. प्याली तं होकार. पालथा केला तं संपलं. मंग बापाचंही चालत नाई."

"आमच्याकडं पोरीले कोणी पुसतच नाई," प्रफुल्ल हळू म्हणाला. "म्हणून लिहिताना सुचलंच नाई मले... डोंगरी तू हो."

"माझ्या बापाच्या काळापासून आमच्या दंडारीत बाई उभी नाई राह्यली!" गुणवंतराव उसळले.

"तुमच्या बापाच्या काळी डोंगरी मागाले तरी कोण आलं होतं, भाऊ?" वारलूनं शांतपणे विचारलं.

तेव्हापासून रोज नवरदेव झालेला प्रफुल्ल पळसाच्या पानांचा दोना पुढे करायचा आणि सोमारी तो पालथा करायची.

"रोज पाय भिजवते माझे. एखाद्या दिवशी पिऊन तं पाह्य... गोड हाये पाणी."

"खेळातलं पाणी कोण पिते?" ती म्हणायची. पण नजर त्याच्या ओल्या पावलांवर रेंगाळायची.

रविवारी खुर्च्यांवर साहेब बसले, कंपनीची माणसंही आली. काळा चष्मा लावून प्रफुल्लनं रस्ता, दवाखाना, नोकरी, सगळं कबूल केलं आणि दोना ठेवला.

सोमारी संवाद विसरली.

माणसं चुळबुळली. प्रफुल्लनं चष्मा काढला, आणि तिच्याकडे नुसता पाहत राहिला. वाट पाहत. तिनं उताराकडे पाहिलं.

"माझ्या अंगावर माझ्या मायचा दगड हाये," ती म्हणाली. "तो मी कुठी नेऊ? मी इथून हलत नाई."

तिनं दोना पालथा केला.

पुढचं खेळात नव्हतं. मागून तिची म्हातारी आत्या उठली. माठातून दोना भरला, पुढे आली, आणि तिथंच पालथा केला. मग दुसरी बाई उठली. मग तिसरी. जमिनीचा चिखल झाला, तरी बाया येतच होत्या. डोंगरी द्यायची नाही, असा ठराव वाचला गेला तेव्हा पहिले हात मागून वर झाले.

एका ठरावानं डोंगरी वाचत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कंपनी वरच्या कचेरीत जाणार होती. पण टोला नाही म्हणाला होता, आणि या खेपेला बायांनी म्हटलं होतं.

दुसऱ्या सकाळी दंडारीची जीप निघायच्या तयारीत असताना प्रफुल्ल मोहाखाली उभा होता. साध्या सदऱ्यात. हातात भरलेला दोना.

"आज खेळ नाई," तो म्हणाला.

सोमारीच्या ओंजळीतली फुलं तशीच राहिली.

"काल साऱ्या गावासमोर म्हटलं मी, हलत नाई म्हणून. आता तुझ्या धानाच्या गावाले आली, तं लोक म्हणतील, डोंगरीच नांदाले गेली."

"मी कुठी म्हटलं, चाल म्हणून?" त्यानं दोना सावरला. "तुमच्यात घरजावई चालते का? धान लावता येते मले. दंडार लिहिता येते. निऱ्या तेवढ्या शिकवा लागन..."

ती हसली नाही. "तुझी माय?"

"तिले आजवर कोणी काही पुसलंच नाई. मी पुसतो. नाई म्हणाली, तं पुन्हा पुसीन."

जीपचा हॉर्न वाजला. सोमारीनं दोना दोन्ही हातांनी घेतला. प्यायली नाही. पालथाही केला नाही.

"मायले पुसून ये. तोवर सांभाळते मी." पाणी तिच्या बोटांमधून झिरपत होतं. "पण लवकर ये जी... पानाचा दोना हाये."

तो मागे पाहत पाहत धावला, अडखळला, जीपमध्ये चढला.

जीप वळणाआड गेली तेव्हा दोन्यात एक घोट उरला होता. सोमारीनं तो सांडू दिला नाही; दोना ओठांना लावला.