चोवीस अंशांचं अंतर

जळगावहून धुळ्याला निघालेली एसटी एरंडोलच्या पुढे बंद पडली. मार्चचं ऊन काचेतून आत शिरत होतं. खिडकीशी बसलेली संघमित्रा एका कानात बोट घालून फोनवर मैत्रिणीशी बोलत होती. दीपनगरला आईबाबांकडे दोन दिवस राहून ती धुळ्यातल्या देवपूरच्या आपल्या शाळेत परत चालली होती. भूगोल शिकवायची ती.

"हो गं सादिया, आजच! दिवस-रात्र सारखी. सूर्य आज मेषेत गेला…"

"मीन," शेजारून आवाज आला.

तिने वळून पाहिलं. चेक्सचा शर्ट, मांडीवर ठिबकच्या नळ्यांचं भेंडोळं आणि डोळ्यांत चोरटं हसू.

"काय म्हणालात?"

"सूर्य अजून मीनेतच आहे, मॅडम. मेषेत जायला त्याला एप्रिलचा मध्य उजाडेल. आमच्या आबांचं पंचांग तेच सांगतं."

"आणि माझं पुस्तक सांगतं मेष. सूर्य आज बरोबर पूर्वेला उगवला. तिथूनच मोजायला सुरुवात करतात."

"तुम्ही ऋतूंवरून मोजता," तो म्हणाला. "आबा ताऱ्यांवरून मोजतात. सूर्याच्या पाठीमागे कुठले तारे आहेत, ते बघून."

"मग चुकतंय कोण?"

"तेच तर…" तो थांबला. "कोणीच नाही."

त्याचं नाव जितेंद्र. जळगावला ठिबक सिंचनाच्या कंपनीत नोकरी, आणि दर शनिवारी देवपूरला आई-आजोबांकडे फेरी. आबा पत्रिका करायचे. नातवाने तो धंदा घेतला नव्हता, पण लहानपणी आबांच्या मांडीवर बसून सत्तावीस नक्षत्रं मात्र पाठ केली होती.

दुसरी बस येईपर्यंत दोघं रसवंतीत बसले. तिने उसाच्या रसाचा पेला टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखा डुलवून दाखवला. पृथ्वीचा आस असाच डुलतो, पण इतका सावकाश, की एक डुलणं पुरं व्हायला जवळजवळ सव्वीस हजार वर्षं लागतात! सतराएकशे वर्षांपूर्वी ऋतूंची मेष आणि ताऱ्यांची मेष एकाच जागी होती. आता दोघींत चोवीस अंशांचं अंतर पडलंय.

"म्हणजे माणसाच्या अख्ख्या आयुष्यात…" तो हळूच म्हणाला.

"एखादाच अंश. फार तर."

तो पेल्याकडे बघतच राहिला. मग तिच्याकडे. संघमित्राने घाईने ओढणी सारखी केली.

त्यानंतरचे शनिवार पांझरा नदीच्या पुलावर जाऊ लागले. सूर्य बुडाला की पश्चिमेला एकेक तारा उमलायचा. "ती लालसर, ती रोहिणी. तिच्या खाली तो बारीक झुबका दिसतो ना? कृत्तिका. आणि सूर्य त्याच्याही खाली, अश्विनीत. दिसत नाही, पण आहे." त्याचं बोट आभाळात फिरायचं, आणि तिला वाटायचं, आपण शाळेत नकाशे शिकवतो, पण एवढं मोठं घर डोक्यावर असून कधी आत पाऊलच टाकलं नाही.

"तुझा वाढदिवस कधी?" एकदा त्याने विचारलं.

"मेच्या शेवटी. कॉलेजात मुली म्हणायच्या, तू मिथुन. बडबडी!"

"आबांच्या हिशोबाने सूर्य वृषभेत. हट्टी!" तो हसला. "शिवाय आमच्याकडे रास धरतात ती चंद्राची. त्याला जन्मवेळ लागते…" हसू ओसरलं. "संघमित्रा, मी घरी आपल्या लग्नाचं बोललो. आईने विचारलीये. तुझी जन्मवेळ."

पुलावरून एक ट्रक धडधडत गेला.

"आमच्या घरात पत्रिका काढत नाहीत, जितेंद्र. पणजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून. मी आभाळ डोळे भरून बघेन… पण माझं लग्न त्याला विचारून ठरवणार नाही."

"आईला फक्त…"

"तुला काय हवंय?"

त्याने नजर खाली पाण्याकडे वळवली. ती क्षणभर थांबली आणि चालू लागली. पुढच्या शनिवारी ती पुलावर गेली नाही. त्याने फोन केले, तिने उचलले नाहीत. गच्चीवर उभी राहिली की रोहिणी दिसायची, दर संध्याकाळी आणखी खाली उतरलेली… मग एक दिवस दिसेनाशीच झाली.

मेच्या शेवटच्या आठवड्यात धुळ्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि भर दुपारी सावली नाहीशी होते. संघमित्राने शाळेच्या पटांगणात एक पाइप ओळंब्याने उभा केला होता. सुट्टी असूनही फाटकावरची सूचना वाचून पोरं आली होती, त्यांच्या आयाही. ऊन असं की जमीन डोळ्यांना सोसवत नव्हती. एवढ्यात फाटकातून एक काळी छत्री आत आली. छत्रीखाली पांढरी टोपी घातलेले म्हातारे, आणि त्यांचा हात धरलेला जितेंद्र.

"पोरी, तुनं नाव काय शे?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"संघमित्रा, आबा."

"मग दाखव, संघमित्रा."

पाइपची सावली आक्रसत बुडाशी आली. वीतभर, बोटभर, रेघभर… आणि गेली. आबांनी छत्री मिटली, टोपी काढली आणि आपल्या पायांकडे पाहिलं. पायांशी अंधाराचा जेमतेम एक ठिपका होता. त्यांनी हात जोडले.

"आभाय भलतं मोठं शे, पोरी," ते पुटपुटले. "आपण कुठूनही मोजा."



आबा सावलीत जाऊन बसले, तसा जितेंद्र जवळ आला. "आईला सांगितलं, पत्रिका मागायची नाही. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. काल म्हणाली, पोरीला जेवायला तरी आण." त्याने घाम पुसला. "आबा तर मलाच ओरडले. म्हणाले, आधी तिच्या घरच्यांना विचार, त्यांना तू पसंत आहेस का."

"आणि तुला…?"

"तू. तू हवी आहेस. त्या दिवशीच म्हणायला हवं होतं… जीभच उचलली नाही."

ती जमिनीकडे बघत राहिली. त्यांच्या पायांपासून पूर्वेला दोन बारीक सावल्या निघाल्या होत्या, शेजारी शेजारी.

"मी शाळा सोडणार नाही," ती म्हणाली. "राहीन तर देवपुरातच."

"मग रोज एसटीने जळगावला जाऊन येईन."

"रोज? दमशील."

"दमेन," तो म्हणाला. "पण येईन."

तेव्हा कुठे ती हसली. "रविवारी दीपनगरला ये. बाबा तुझी उलटतपासणी घेतील आणि आई भरीत वाढेल. घाबरू नकोस… मी शेजारी बसेन."

आणि सगळ्या शाळेदेखत तिने त्याचा हात धरला.