दोन्ही शिफ्टचा चार्ज

हे माझ्या सख्ख्या मामासोबत घडलं. मला खोटारडा म्हणायचं असेल तर म्हणा, पण आधी अंजूरच्या खाडीवर एक दुपार काढून या.

साल १९८८. मे महिना. रात्र नव्हती. दुपारचे दोन वाजत आले होते.

खाडीजवळ सरकारने पाणी योजना काढली होती. विहीर खोदली, पंपघर बांधलं. पहिल्याच उन्हाळ्यात पाणी खारं निघालं. गुरंसुद्धा तोंड लावेनात. मग मोटर जळली. दुरुस्तीला नेली, ती परत आलीच नाही.

तरी योजना चालू.

दर सहा महिन्यांनी मुदतवाढ. बंद केली तर कुणाची तरी चूक झाली असं कागदावर लिहावं लागलं असतं ना. मोटर नसलेल्या पंपावर ऑपरेटर दोन. दुसरी शिफ्ट माझ्या माधवमामाची. तो जानेवारीत बदलून आलेला. पहिली शिफ्ट हाशिम नावाच्या माणसाची.

नियम एकच. जाणाऱ्याने रजिस्टरमध्ये लिहायचं, 'चार्ज दिला'. येणाऱ्याने लिहायचं, 'चार्ज घेतला'.

चार महिन्यांत मामाने हाशिमला एकदाही पाहिलं नव्हतं.

दोनला पोचावं तर पंपघर रिकामं. टेबलावर रजिस्टर उघडं. आणि सही... ओली.

"लवकर सटकतो लेकाचा," मामा म्हणाला. "उद्या बारालाच जाऊन बसू. तूपण चल, साक्षीदार."

मी पॉवरलूमवरच्या कामाला खाडा केला आणि गेलो. कुलूप मामानेच उघडलं. रजिस्टरमध्ये त्या दिवसाची ओळ कोरी होती. आम्ही दारातच बसलो. दार एकच. खिडकीला गज.

कोणी आलं नाही.

दोनला पाच कमी असताना... आतून आवाज आला. पाइपातून पाणी चढतं तसा.

मग ओल्या पावलांचा.

मग काहीच नाही.

आत गेलो. 'चार्ज दिला. हाशिम.' शाई ओली. पानावर मिठाचा पांढरा डाग.

"तू केलीस?" मामा म्हणाला.

"मी तुमच्या शेजारी होतो, मामा. तुम्हीच नाही ना?"

 मग दोघांनाही एकच संशय आला. ऑफिसचा. हाशिम नावाचा माणूस तरी आहे का?

संध्याकाळी धामणकर नाक्यामागे हाशिमचं घर शोधलं. दारात त्याची बायको आली, जोहरा.

"ते घरी कुठं हायत? दोन वर्सं झाली, पाइप बघायला विहिरीत उतरले ते वर आलेच न्हाय. मी म्हटलं विहीर उपसा. साहेब म्हणाले, तो रोज ड्युटीवर हाय, हजेरी बघ."

ती मामाकडे वळली.

"भाईसाब, तुम्ही तिथंच जाता ना? मग त्यांना घरी कधी सोडणार?"

सकाळी आम्ही ऑफिसात साहेबासमोर उभे. साहेब बशीत चहा ओतत होता.

"सही आहे ना? मग माणूस आहे."

"विहीर उपसा, साहेब."

"उपसली की पंचनामा. पंचनामा झाला की योजना बंद. मार्चमध्येच मुदतवाढ आणलीय, माधवराव. डोकं वापरा."

"मेलेल्या माणसाकडून ड्युटी करून घेता?" मी म्हणालो.

"हा कोण?" म्हणत त्याने शिपायाला घंटी मारली.

मामा तडक पंपघरावर गेला. मी मागोमाग. त्याने रजिस्टर ओढलं आणि लिहिलं, 'दोन्ही शिफ्टचा चार्ज घेतला. हाशिमला मोकळं केलं. माधव.'

"आता कशी लागते बघू त्याची हजेरी," तो मला म्हणाला. "झक मारत शोधतील. तू जा कामावर."

मी गेलो. ते मी करायला नको होतं.

दुसऱ्या सकाळी हाशिम विहिरीत वर आला. दोन वर्षांनी. अंगावर खाकी शर्ट, चेहरा ओळखू येण्यासारखा... आणि बोटांना ताजी शाई. कागदावर लिहिलं गेलं, खाडीतून वाहत आला. जोहराने त्याला माती दिली.

मामा मात्र घरी आलाच नाही. सायकल पंपघराला टेकलेली.

ऑफिस म्हणतं, ड्युटीवर आहे. दोन्ही शिफ्टच्या सह्या आहेत.

आज १९९४. योजनेला पुन्हा मुदतवाढ मिळालीय. मामी भेटली की विचारते, "त्यांना घरी आणायला काहीच उपाय नाही का रे?"

गेल्या आठवड्यात मी पंपघरावर गेलो होतो. मामाची सही ओली होती. तिच्याखाली एक ओळ कोरी... आणि पेन उघडं ठेवलेलं.

मामीला मी अजूनही सांगतो, उपाय नाही.